आई-बाबांच्या ७२ तपासण्या झाल्या. आता पुढच्या करायच्या का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त डोंबिवलीला आणि आई-बाबा देवगड तालुक्यात, गावी. गणपतीच्या सुट्टीत दोघांचं ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतलंत, ७२ तपासण्यांचं पॅकेज. बाबा ७१ वर्षांचे. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, कलमांच्या बागेत रोज चढउतार करतात, छातीत कधी दुखलेलं नाही. त्यांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ४.६ आला, व्हिटॅमिन डी कमी आलं आणि ‘एकदा स्ट्रेस टेस्ट आणि सीटी अँजिओग्राफी करून टाका’ असा सल्ला मिळाला. आई ६६ वर्षांच्या. त्यांचा टीएसएच ६.१, टी-४ नॉर्मल (दोन्ही थायरॉइडच्या रक्ततपासण्या). दीड महिना कंबर दुखत होती म्हणून एमआरआय झाला, त्यात डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली) निघाला आणि कोणीतरी ऑपरेशनचं नाव काढलं. आता तुम्ही विचारताय की हे सगळं असंच पुढे करत जायचं का, आणि ‘याची खरंच गरज आहे का’ असं विचारलं तर डॉक्टरांना राग येईल का.

मी याच किनाऱ्यावर बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. माणसाला हात न लावता औषध सुरू किंवा बंद करा असं मी सांगणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीत दोघांपैकी कोणालाही या आठवड्यात धावपळ करावी लागेल असं काही दिसत नाही. तेव्हा आधी घाई सोडा, मग एकेक आकडा बघू.

त्याआधी ७२ तपासण्यांचा हिशेब समजून घ्या. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक तपासण्यांत अशी ठरते: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि त्यातले मधले ९५ टक्के ज्या हद्दीत बसतात ती हद्द नॉर्मल धरायची. म्हणजे धडधाकट माणसांतले ५ टक्के हद्दीबाहेर जाणार हे आधीच गृहीत धरलेलं आहे. तपासणी एकच असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर कसलाही आजार नसलेल्या माणसाचा निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. ७२ तपासण्यांना ती ९७ टक्क्यांच्या पुढे. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो, इतकंच. सांगायचं ते हे, की एवढं मोठं पॅकेज केल्यावर कोरा करकरीत रिपोर्ट हातात येणं हीच दुर्मिळ गोष्ट. मग त्या ठळक आकड्यासाठी पुढची तपासणी, तिच्यात आणखी काही, आणि चांगला हिंडता-फिरता माणूस पेशंट होऊन बसतो.

म्हणून कुठल्याही तपासणीआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, आणि तुम्हीही तोच डॉक्टरांना विचारा: रिपोर्ट चांगला आला तर आपण काय करणार, आणि वाईट आला तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी पेशंटच्या उपयोगाची नाही.

आता आईंचा टीएसएच. टी-४ नॉर्मल आणि टीएसएच चार-साडेचार ते दहाच्या दरम्यान, अशी माणसं माझ्याकडे रोज येतात. वयानुसार टीएसएच थोडा वर सरकतोच. शिवाय ताप, जागरण, दुसरं एखादं आजारपण यानेही तो तात्पुरता वाढतो. दोन-तीन महिन्यांनी परत केला की कित्येकांचा आपोआप खाली आलेला असतो. गोळी सुरू केल्याने बरं वाटतं का, हे ६५ वर्षांच्या पुढच्या ७३७ लोकांवर तपासून पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. थायरॉइडची गोळी घेणारे आणि तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी घेणारे, दोघांच्या थकव्यात आणि तक्रारींत फरक पडला नाही. तेव्हा आईंचा टीएसएच दोन-तीन महिन्यांनी फक्त परत करा. दहाच्या पुढे गेला किंवा टी-४ खाली आला, तर गोष्ट वेगळी.

आणि एक, यावरून गळ्याची सोनोग्राफी करा असं कोणी म्हणालं आणि गळ्याला गाठ लागत नसेल, तर तिथेच थांबा. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम चालू झाली आणि तिच्यासोबत थोड्या जादा पैशांत थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत १५ पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी कोणाला आयुष्यात काही केलं नसतं त्या शोधून काढल्या आणि बहुतेकांचं ऑपरेशन झालं. त्यातल्या सुमारे ११ टक्के लोकांच्या शरीरातला कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या आणि २ टक्क्यांच्या स्वरयंत्राची नस गेली. धोका सुईत किंवा मशीनमध्ये क्वचितच असतो. तो तपासणीच्या मागोमाग येतो.

कंबरेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा आणि भीती तिथेच वाया जाते. कंबर कधीही न दुखलेल्या लोकांचे एमआरआय जगभरातल्या अनेक अभ्यासांत झाले आहेत आणि २०१५ साली ते सगळे एकत्र मांडले गेले. वीस वर्षांच्या, काही त्रास नसलेल्या तरुणांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यात झिजलेली डिस्क दिसली. ८० वर्षांच्यांत ९६ टक्के. बल्ज वीस वर्षांच्यांत ३० टक्के, ८० वर्षांच्यांत ८४ टक्के. म्हणजे ६६ व्या वर्षी बल्ज निघाला, तर तो केस पिकल्याइतका सर्वसाधारण. दुखणं त्याच्यामुळेच आहे असं त्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला फिल्मपेक्षा माणूस बघावा लागतो. कंबरदुखीच्या पेशंटला मी आधी चपला काढून टाचांवर आणि मग चवड्यांवर चालायला सांगतो. मग पाठीवर झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता उचलतो आणि कळ पोटरीखालपर्यंत जाते का ते विचारतो. शेवटी पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर ओढायला लावतो. एल-५ ची (कंबरेच्या पाचव्या मणक्याजवळची) नस खरोखर दबलेली असेल तर त्या अंगठ्यात जोर राहत नाही, आणि दोन्ही पायांतला फरक बोटाला सरळ कळतो. याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च काही नाही. आईंची अशी तपासणी कोणी केली का, हे त्यांना फोनवर विचारा. केली नसेल तर ऑपरेशनची चर्चा करायची वेळच आलेली नाही. बहुतेकांची कंबर चार ते सहा आठवड्यांत हिंडत-फिरत, साध्या वेदनाशामकाने आणि व्यायामाने सुधारते. दीड महिना झाला आहे, तर आता कशी आहे तेही विचारा. तुमच्या मेसेजवरून वाटतं की ती आधीच बरीच कमी झाली असावी.

पण इथे काही गोष्टी मी अजिबात सोडत नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणं: यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी एमआरआय आणि त्याच दिवशी सर्जन. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर मणक्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा म्हातारपणी अंगणात पाय घसरून पडल्यावर कंबर धरली असेल, तर तिथेही वाट बघत नाही.

बाबांचं व्हिटॅमिन डी बाजूला ठेवा. धडधाकट माणसांत ते सरसकट तपासू नये असंच एंडोक्राइन तज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पीएसएचं असं आहे की वय वाढलं, प्रोस्टेट सुजली, लघवीत इन्फेक्शन झालं, तरी तो वाढतो. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांच्या स्वतंत्र तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं की ७० नंतर तक्रार नसताना पीएसए करू नये, कारण फायद्यापेक्षा बायोप्सी आणि ऑपरेशनचे त्रासच जास्त होतात. तुमच्याकडे तो आता झालाच आहे. मग दीड-दोन महिन्यांनी लघवी स्वच्छ असताना परत करा आणि एकदा सर्जनला बोटाने प्रोस्टेट तपासू द्या. एवढ्या एका आकड्यावर लगेच बायोप्सीची तारीख घेऊ नका.

आता अँजिओग्राफी. ‘करून टाका’ हे दोन शब्द मला फार खटकतात. ७१ वर्षांच्या कोणाही माणसाच्या हृदयाच्या नळ्या बघितल्या तर थोडंफार काही साठलेलं बहुधा निघतंच. निघालं की ‘ब्लॉक’ हा शब्द घरात येतो आणि त्यानंतर कोणालाच स्वस्थ बसवत नाही. सगळं घर फोंडा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर खाली गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला. पण जो माणूस कलमांच्या उतारावरून फवारणीचा पंप पाठीला लावून चढतो आणि त्याला दम लागत नाही की छाती जड होत नाही, त्याची स्ट्रेस टेस्ट रोजच होते आहे. इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ३७ देशांतले ५१७९ पेशंट त्यात होते, त्यात आपल्या देशातलेही पुष्कळ. यांच्या हृदयाला रक्त कमी पडतंय हे तपासणीत दिसलेलं होतं, तब्येत मात्र स्थिर होती. निम्म्यांना औषधांसोबत अँजिओग्राफी करून लागेल तसा स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त नीट औषधं. सरासरी तीनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं स्टेंटने जास्त कमी झालं, आणि तो फायदा खरा आहे. बाबांना दुखतच नाही.

हे स्थिर माणसाबद्दल झालं. अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे एक मिनिटही वाद नाही. मुख्य डाव्या नळीतला अडथळा, कमजोर झालेलं हृदय, औषधांना न जुमानणारं दुखणं, यांचीही गोष्ट वेगळी. हा अभ्यास त्यांच्यासाठी नव्हता.

तापाबद्दलही थोडं लिहितो, कारण तुमच्या गावात पावसाळ्यात हाच सगळ्यात मोठा खर्च असतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी काहीच सांगत नाही. पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही ती कोरी येऊ शकते, आणि आपल्याकडे जुन्या संसर्गाने ती टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह येते. तरी ती होते आणि तिच्यावर इंजेक्शनांचा कोर्स चालतो. अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं जातं. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो त्याला पेज, शहाळं आणि ओआरएस पुरतं. उलट चिखलणी करून आलेला माणूस, कडक ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, लघवी कमी झालेली: त्याचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासण्या मी त्याच तासाला करतो आणि लेप्टोस्पायरोसिसचं औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू करतो. कारण त्या क्रिएटिनिनवरून त्याला इथे ठेवायचा की ताबडतोब जिल्ह्याला पाठवायचा हे ठरतं. दोडामार्गकडचा ताप असेल तर २०१६ पासून माकडतापही डोक्यात ठेवावा लागतो. तिथे रक्त पाठवायला कंजुषी करायची नाही.

डॉक्टर जास्त तपासण्या का लिहितात, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण मनात आहे हे कळतं. कारणं एक नाहीत. काही सुटलं तर कोर्टात खेचतील, दवाखाना फोडतील ही भीती आहे. ओपीडीत गर्दी आहे, आणि पाच मिनिटं बोलण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं. पेशंटही नुसतं बोलून परत पाठवलं तर नाराज होतात. आणि कट आहे, हेही खरं आहे. तपासणीला पाठवल्याबद्दल कमिशन घेणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत साफ मना आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे २०१३ मध्ये पेशंट पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा चेक आला, तेव्हा त्यांनी गप्प न बसता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. आपल्या कोकणातला डॉक्टर हे करतो याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच बावस्करांचं विंचवावरचं काम मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत दगावत होती. हाताशी मशीन नव्हतं. हा माणूस खाटेशेजारी बसून राहिला आणि घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, ब्लडप्रेशर यांची तासातासाला नोंद ठेवत गेला. त्यातून प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी विंचूदंशावर चालते हे सापडलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. बघणं, हात लावणं, परत येऊन बघणं यात किती ताकद आहे ते या कामात दिसतं.

आता थोडं तुमच्या बाजूचं. चाकरमान्यांना वर्षातून दोनदा, गणपती आणि शिमग्याला, गावी यायला मिळतं. आई-बाबा थकलेले दिसतात, जीव तुटतो, आणि हाताशी चार दिवसच असतात. म्हणून सगळ्या तपासण्या एकदम होतात. ही माया मला समजते. पण गेल्या चतुर्थीनंतर एक काकी रिपोर्टांची जाडजूड प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “माका काय्येक जाला नाय डॉक्टरानू, पण झील आयकणा नाय.” (झील म्हणजे मुलगा.) पिशवीत सगळं होतं, फक्त त्यांचं ब्लडप्रेशर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी घेतलं तर १८० च्या वर. ज्या एका गोष्टीने त्यांना पॅरालिसिस होऊ शकला असता, ती मोजायची राहिली होती.

तेव्हा ज्याची गरज आहे ते मात्र नेमाने करा. दोघांचं ब्लडप्रेशर, पाच मिनिटं शांत बसवून, आणि वहीत तारखेसह लिहून. साखर. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे म्हणून बाबांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, वर्षातून एकदा. डोळ्यांत मोतीबिंदू. आई मशेरी लावत असतील तर तोंडात बॅटरी मारून गालाची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेखालचा भाग बघून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर दाखवा. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं, फुकट. मशेरी सोडवण्यासाठी तुम्ही सुट्टीतला एक दिवस घालवलात तर तो ७२ तपासण्यांहून जास्त कामाचा.

डॉक्टरांना राग येईल का? कसं विचारता त्यावर आहे. ‘उगाच का लिहिता’ असं म्हटलंत तर कोणालाही लागेल. ‘डॉक्टर, या रिपोर्टवरून बाबांच्या औषधात काय बदल होईल? महिनाभर थांबलो तर काय बिघडेल? याहून साधं काही आहे का?’ असं विचारा. २०१२ साली अमेरिकेत डॉक्टरांच्याच संघटनांनी ‘चूझिंग वाइजली’ ही मोहीम सुरू केली, तीत पेशंटच्या हातात असेच प्रश्न दिले गेले. आपल्याकडेही नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांच्या देशव्यापी जाळ्याने, २०१९ मध्ये कॅन्सरच्या उपचारांत टाळायच्या दहा गोष्टींची यादी काढली. म्हणजे हा प्रश्न डॉक्टरांच्या विरोधातला नाही, तो आमच्याच घरातला आहे. मला कोणी असं विचारलं की मी पेन खाली ठेवून समजावतो, आणि बहुतेक डॉक्टर तसंच करतील. जे चिडतील त्यांच्याकडून रिपोर्टांच्या प्रती घ्या आणि दुसरं मत घ्या. दुसरं मत घेणं आणि तपासणी कुठे करायची ते स्वतः ठरवणं हे दोन्ही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहेत.

जमलं तर तालुक्यातला एकच डॉक्टर धरा, जो वर्षानुवर्षं दोघांना ओळखेल, आणि तुम्ही डोंबिवलीहून फोनवर त्याच्याशीच बोला. पहिल्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यायला सांगा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामकांसकट. कंबरेसाठी आई रोज काय घेतात ते बघणं आज एमआरआयपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण अशा गोळ्या किडनी आणि जठर दोन्ही खराब करू शकतात.

आणि बाबांना आजच सांगून ठेवा. बागेत चढताना छाती जड झाली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर पित्त म्हणून सोडा पिऊन पडून राहायचं नाही. लगेच १०८ ला फोन आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघाला पाहिजे, आणि तिथे ‘गरज आहे का’ हा प्रश्न विचारत बसू नका.